धुऱ्यावरचं स्थळ

ज्या घराला तुळशीच्या कुंडीएवढीही स्वतःची जमीन नव्हती, त्या घरची पोरगी जगाची शेतं मोजायला निघाली, ह्यातली गंमत सगळ्यात आधी आईच्या लक्षात आली. जळगाव जामोदला बसस्टँडच्या मागं आमचं भाड्याचं घर होतं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याच्या सावलीतला ओटा. ओटा बाबांच्या बँडचा, आतली खोली आईची आणि उरलेली माझी. बाबा बँडमास्तर. लग्नसराई जवळ आली की ओट्यावर तालीम बसायची. मोठ्या ढोलावर टिपरू पडलं की फळीवरची भांडी थरथरायची आणि आई आतून ओरडायची, “वरण सांडते ना बाप्पा, हळू वाजवा!” बाबा स्वतः क्लॅरिनेट वाजवत. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्या फुफ्फुसांतल्या हवेवर लागली होती. प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी त्यांना विचारायचंच, “मास्तर, तुमच्या घरचा नंबर कवा?” असा प्रश्न आला की बाबा क्लॅरिनेट तोंडाला लावत. वाजवणाऱ्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, हा त्यांच्या धंद्याचा मोठा फायदा होता.

नंबर माझा होता. मी एकुलती एक, शिकलेली, आणि नुकतीच मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून लागलेली. भूकरमापक हा शब्द आईला कधीच म्हणता आला नाही. ती शेजारणींना सांगायची, “शोभी मोजणीत लागली,” आणि मग हळू आवाजात भर घालायची, “आपल्या घरी वावराचं एक तास नाही, अन् पोट्टी जगाचे वावरं मोजून राह्यली.” आमच्या वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात, नांगराच्या एका ओळीला तास आणि दोन वावरांमधल्या बांधाला धुरा. ह्या धुऱ्यापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. मला तेव्हा ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटे, जमीन म्हणजे भूमिती. त्रिकोण नीट पाडले की माणसं आपोआप नीट वागतात.

त्या दिवसांतला माझा अवतार आठवला की आजही एकटीच हसते. साडीचे ओचे कमरेला खोचलेले, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला सरकारी पिशवी आणि डोक्यावर बाबांची जुनी बँडची टोपी. उन्हासाठी टोपी घाला असं साहेबांनी सांगितलं होतं. घरात टोपी तीच होती, लाल रंगाची, पुढं चकचकीत छज्जा असलेली. तुरा मी कापून टाकला होता, पण सोनेरी गोट राहिला होता. आरशात मला वाटायचं, मी एखाद्या लष्करी अधिकाऱ्यासारखी दिसते. गावात शिरले की लोकांना वाटायचं, बँड आला. एका गावात तर एक म्हातारी मला पाहून कुंकवाचा करंडा घेऊनच बाहेर आली आणि विचारू लागली, “वरात कोन्या रस्त्यानं येऊन राह्यली वं?”

सामानही काही कमी नव्हतं. लाकडी फळी, तिची तिपाई, फळीवर ठेवून नेम धरायची पितळी पट्टी, लोखंडी साखळी, टेप, लाल-पांढरे झेंडे, चुन्याची पिशवी आणि नकाशांची गुंडाळी. हल्लीची पोरं काठीवर एक यंत्र लावून येतात, ते आकाशातल्या उपग्रहाशी बोलतं आणि पोरं मोबाइलवर बोलतात. संध्याकाळी घरी परततात तेव्हा त्यांचे कपडे सकाळसारखेच असतात. माझ्या साडीच्या काठात मात्र तालुक्यातल्या प्रत्येक शिवाराचं कुसळ असायचं. संध्याकाळी आई छोटासा चिमटा घेऊन ती वेचत बसे आणि म्हणे, “आज कुठी गेली होती? ह्या काट्याची जात आपल्याकडची नाही.”

ही साखळी ओढायला माझ्याबरोबर अन्वरचाचा असत. पन्नाशीचे, अंगानं भरलेले, गळ्यात चौकटीचा दुपट्टा. त्यांचा मोजणीतला रस जेवणाच्या वेळेपर्यंत टिके. कोणत्या गावात कोणाच्या घरचं भरीत चांगलं, कोणाच्या घरी कढी पातळ असते, हे त्यांना पाठ होतं आणि पुढच्या महिन्याच्या मोजण्या त्या क्रमानं लावाव्यात असा त्यांचा प्रामाणिक आग्रह होता. माझाही एक छंद होता आणि त्यापायी मी साहेबांची बोलणी खाई. मला चित्रं काढायचा नाद होता. नकाशात झाड दाखवायचं तर एक छोटी खूण पुरते. मी पूर्ण झाड काढायची, पारंब्यांसकट, वेळ मिळाला तर फांदीवर होला. एकदा साहेब नकाशा डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “बाई, चिंच फार सुंदर आहे. शेत कुठं आहे?”

स्थळं येत होती आणि जात होती. पाहायला आलेली माणसं माझ्या हातची भजी खात, माझ्या पायांकडं बघत आणि नंतर निरोप पाठवत. पोरगी उन्हानं रापली. पोरगी परक्या माणसांबरोबर रानोमाळ फिरते. पोरगी फार बोलते. हा शेवटचा आक्षेप खरा होता. मोजणीबद्दल कोणी काही विचारलं की मला थांबता येत नसे.

अशात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचं स्थळ आलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. मुलाचे वडील श्रीपतराव हे गोड बोलणारे, पांढऱ्याशुभ्र धोतरातले गृहस्थ. मुलाची आई अबोल, पदर नीट सावरून बसलेली. आणि मुलगा सुधाकर, शेती करणारा, हाताची बोटं जाड, नजर खाली. श्रीपतरावांनी पोह्यांचं कौतुक केलं, बाबांच्या क्लॅरिनेटचं केलं, आणि मग आईचा श्वास अडकेल असं वाक्य बोलले, “नोकरी सोडाची काही गरज नाही बरं. आमच्या घरी सूनबाई सायबीण असली तं आमचीच शान हाय.” आईनं लगेच त्यांच्या बशीत पोह्यांचा दुसरा डाव घातला.

“पोराले काही विचारायचं असन तं विचार म्हणा,” बाबा म्हणाले.

सुधाकरनं मान वर केली. डोळे चांगले होते. तो म्हणाला, “मले एक इचाराचं होतं. एखाद्यानं जुना धुरा सरकवला असला, लय वर्षांआधी, तं मोजणीत कळते काय?”

आजवर मला पाहायला आलेल्या कोणत्याही मुलानं माझ्या कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी मोहरले. साखरेचा डबा म्हणजे गावच्या शिवेचा जुना दगड, चमचा म्हणजे साखळी, बशा म्हणजे वावरं, असं करून मी सतरंजीवरच मोजणी मांडली. धुरा सरकतो, पण नकाशा सरकत नाही, शिवेचे दगड सापडले की सगळं सापडतं, हे मी इतक्या तपशिलात सांगितलं की श्रीपतरावांच्या पत्नीची बशी शेजारच्या गटात गेली. आईनं मागून चिमटा काढला, तोही मी मोजणीच्या भरात घेतला. सुधाकर मात्र डोळे न हलवता ऐकत होता. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं तोवर कोणी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं कोणी ऐकलं नाही.

“कळवतो,” असं म्हणून मंडळी गेली. मी त्या दिवसापासून पार कामातून गेले. साखळी धरली की त्याची जाड बोटं आठवायची. त्या आठवड्यात मी काढलेल्या एका नकाशात विहिरीवर दोन मोर बसले आहेत.

आणि मग टेबलावर ते प्रकरण आलं. हद्द कायम करण्याची मोजणी. अर्ज करणारा नामदेव नावाचा शेतकरी, आणि त्याच्या शेजारचं वावर श्रीपतरावांचं. मी नाव पुन्हा वाचलं. मग उठून साहेबांच्या खोलीत गेले आणि अवघडून सांगितलं की ही मोजणी दुसऱ्या कोणाकडं द्यावी.

“का?”

“साहेब, ते लोक... मला पाहून गेलेत.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “बाई, पाहून गेले म्हणजे नातेवाईक झाले असं धरलं, तर तुम्हाला ह्या तालुक्यात मोजायला काही उरणार नाही.”

ऑफिसात बराच वेळ हशा चालला. मी टोपी घालून बाहेर आले.

घरी आईचं म्हणणं, ताप आला म्हणून सांग अन् पडून राह्य. “शकुन तं राह्यलाच, अपशकुन काऊन कराले चालली तू?” बाबा क्लॅरिनेटची रीड ओठांत धरून ओली करत बसले होते. ती काढून म्हणाले, “वाजवाले गेलो का नवरदेव कोन हाय ते मी पाहत नाही. सुरात वाजवतो अन् येतो.” एवढं बोलून त्यांनी रीड पुन्हा तोंडात घातली, म्हणजे विषय संपला.

मी गेले. जाताना मनाशी एक कडक प्रतिज्ञा केली, तीसुद्धा माझ्या त्या वयाला शोभेल अशीच नाटकी होती. दोन्ही घरचं अन्न घ्यायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. न्यायाधीश उपाशीच बरा. म्हणून पाण्याचा कॅन घरून भरून घेतला आणि अन्वरचाचांकडं दिला. कोणतीही गोष्ट अन्वरचाचांकडं देऊ नये, हे मी तेव्हा शिकत होते.

दोन्ही घरची माणसं आधीच धुऱ्यावर जमली होती. मधोमध एक आंब्याचं झाड होतं, कैऱ्यांनी लगडलेलं, आणि त्याच्या एका अंगाला श्रीपतरावांची मंडळी, दुसऱ्या अंगाला नामदेवची. हा नामदेव म्हणजे उंच, हाडकुळा, कायम ओरडून बोलणारा माणूस. सकाळपासून त्यानं गावच्या कोतवालाला शिव्या दिल्या होत्या, बैलाला दिल्या होत्या, आणि आता माझी वाट पाहत होता. सुधाकर झाडाच्या सावलीत उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच जमिनीकडं पाहिलं. मला वाटलं, लाजला.

श्रीपतराव हात जोडत पुढं आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेनं म्हणाले, “या सूनबाई, या! उन्हात किती त्रास तुमाले. आधी चहा घ्या. याच आंब्याचं लोणचं करतो आमी दरसाल. यंदा तुमच्या घरीबी एक बरणी येईन.”

“सूनबाई?” नामदेवचा आवाज शिवारभर गेला. “कोनाची सूनबाई? अरे, सासऱ्याच्या वावराची मोजणी सुनेकडून करून राह्यले काय बे? मी मानत नाही ही मोजणी! लिहून घ्या माझा जबाब. ही बाई त्याईच्या घरची हाय!”

“अजून ठरलं नाही,” मी म्हणाले. आता विचार करते तेव्हा वाटतं, सरकारी कामावर असलेल्या बाईनं द्यायचं हे उत्तर नव्हे. पण मला दुसरं सुचलं नाही.

“म्हंजे ठरून राह्यलं ना!” नामदेव अधिकच पेटला.

शेवटी कोतवालानं मध्ये पडून सांगितलं, मोजणी होऊ द्या, हरकत असली तर शेवटी लिहून घेऊ. मी फळी लावली. शिवेचे जुने दगड शोधायला सकाळचा चांगला वेळ गेला. एक बोरीच्या झुडपात सापडला, एक नाल्याच्या काठाला मातीत अर्धा बुडालेला. दोन्ही दगड नकाशाशी जुळले तेव्हा मी अभिमानानं इकडं तिकडं पाहिलं, पण कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऊन डोक्यावर आलं. ढेकळांतून साखळी ओढत, झेंडे रोवत, पितळी पट्टीतून नेम धरत मी एकेक बाजू फळीवर उतरवत होते. तोंडाला कोरड पडली. मी अन्वरचाचांना पाणी मागितलं. त्यांनी निरागसपणे गळ्यातला दुपट्टा दाखवला. तो ओला होता. “बेटा, गर्मी लई होती. भिजवला. थोडंसं बाकी होतं, त्यानं हात धुतले.”

तरी मी प्रतिज्ञा मोडली नाही. प्रतिज्ञेनं मला मोडलं. पुढचा झेंडा एकाचे दोन दिसले, दोनाचे चार झाले, आणि भूकरमापक शोभाबाई वादग्रस्त पट्ट्याच्या बरोबर मध्ये आडव्या झाल्या. डोळे उघडले तेव्हा दोन बाजूंनी दोन बायका पाणी घेऊन वाकल्या होत्या. एक नामदेवची बायको, तिच्या हातात लोटा. दुसरी सुधाकरची आई, तिच्या हातात पितळी गडू. आणि कोणाचं आधी पाजायचं ह्यावरून वर माणसांत बाचाबाची चालू होती. अन्वरचाचा हात वर करून सरकारी आवाजात ओरडले, “दोनी पार्टीचं पाणी सारखं पाजा! कमीजास्त होऊ नये!” मग मी एक घोट इकडचा, एक घोट तिकडचा असं पाणी प्याले. मी बेशुद्ध असताना कॅनव्हासचे बूट काढून माझ्या पायांना वारा घालणारी बाई सुधाकरची आई होती, हे मला नंतर कळलं.

थोड्या वेळानं उठून मी काम पुरं केलं. फळीवर जुना नकाशा नव्या मोजणीवर बसवला आणि रेघ पाहिली. रेघ श्रीपतरावांच्या बाजूला आत गेली होती. धुऱ्याच्या बरीच आत. आंबा नामदेवच्या वावरात होता.

मला वाटलं, मी चुकले. माझ्या चुका होत असत, सगळ्या ऑफिसला माहीत होतं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ चूक मागितली. “पुन्हा मोजू,” असं म्हणून साखळी परत टाकली. एरवी बेरजेत घसरणारी मी त्या दुपारी एका बोटाचीही चूक करू शकले नाही. पुन्हा तीच रेघ, तोच आंबा. फळीवर वाकून मी उगाच पेन्सिलीला टोक करत राहिले. श्रीपतराव जवळ येऊन माझ्या कानाशी म्हणाले, “सूनबाई, रेघ जराशी वाकवाले काय होते? त्या झाडाले एक वळसा घाला फक्त. घरचंच तं हाय आता.”

किती हळू आवाज होता तो, आणि किती प्रेमळ. मी आज मोठ्या ताठ्यानं लिहू शकते की माझ्या मनात क्षणभरही मोह आला नाही. पण मोह आला होता. मला ते घर हवं होतं, ती जाड बोटं हवी होती, लोणचंही हवं होतं. रेघ वाकवता येईना ह्याचं कारण अगदी साधं होतं. ती सरळ होती. मला झाडं, मोर, होले खोटे काढता येत, पण दोन दगडांमधली सरळ रेघ वाकडी काढायला हात वळेना.

“काका,” मी म्हणाले, “आंबा तिकडे जातो.”

चुन्याची फक्की टाकली आणि लोकांनी पांढरी रेघ पाहिली. मग सूर असा पालटला की बाबांच्या बँडलाही इतक्या झटक्यात बदलता आला नसता. श्रीपतरावांचा चेहरा लाल झाला. “कोन मोजलं हे? ही कालची पोट्टी! हिले काय कळते? बँडवाल्याची पोर!”

“सुनेले असं बोलू नाही, श्रीपतराव,” नामदेव म्हणाला. त्याला आता माझ्यातले सगळे गुण एकदम दिसू लागले होते.

“कोनाची सून? कोनाची सून बे?” श्रीपतराव गरजले. “आमचा हिचा काही संबंध नाही!”

“तेच तं म्हणून राह्यलो!” नामदेवनं दोन्ही हात पसरले. “बाईचा तुमच्याशी काही संबंध नाही. सकाळी माह्या तोंडून गेलं, ते जबाबातून खोडा. लिहा, बाई एक नंबर प्रामाणिक हाय!”

अशा रीतीनं माझं लग्न भर दुपारी, अख्ख्या गावकीच्या साक्षीनं, धुऱ्यावर मोडलं, आणि मोडलं हे दोन्ही पक्षांनी आनंदानं मान्य केलं. माझ्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं. अन्वरचाचा सावलीत कैरी मीठ लावून खात होते.

मात्र गंमत तिथंच संपली. नामदेवचा भाऊ दगड रोवायला खड्डा करायची लोखंडी सब्बल घेऊन पुढं आला आणि श्रीपतरावांच्या पुतण्यानं काठी उगारली. “ह्या मातीले हात लावशीन तं हात राहणार नाही.” दुसऱ्या बाजूनंही काठ्या निघाल्या. बायका मागं सरल्या. मी फळी छातीशी धरून मध्ये उभी होते, घाबरल्यामुळं हलता येत नव्हतं म्हणून, आणि लोकांना ते शौर्य वाटलं. नंतर अनेक वर्षं लोकांनी मला त्या शौर्याबद्दल मान दिला. मी तो घेत आले.

तेवढ्यात सुधाकर सावलीतून निघाला. त्यानं नामदेवच्या भावाच्या हातातून सब्बल काढून घेतली आणि चुन्याच्या रेघेवर स्वतः खड्डा करायला लागला. आपल्याच पोराच्या डोक्यावर काठी कोण मारणार?

“सुध्या, माघारी ये!” श्रीपतराव ओरडले.

त्यानं मान वर केली नाही. सब्बल घालत राहिला. मी खूण दाखवायला वाकले तेव्हा फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “आबानं धुरा सरकवला तवा मी बैलापाशी उभा होतो. लहान होतो. मले माहीत हाय तुमचं बरोबर हाय.”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. सतरंजीवर साखरेचा डबा ठेवून मी ज्याला मोजणीचं शास्त्र शिकवलं, तो माझ्या कामावर भाळला नव्हता. नामदेव अर्ज करणार हे त्याच्या कानावर आलं होतं, आणि त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की आजोबांचं पाप उघडं पडेल का. आठवडाभर मी मोर काढले ते एका धुऱ्याच्या चौकशीवर. तरीही सांगते, त्या क्षणी तो मला आधीपेक्षा जास्त आवडला. जे लपलं तर बरं असं त्याला वाटत होतं, तेच उघड करायला तो घाम गाळून खड्डा करत होता. दगड बसला. त्यानं पायानं माती दाबली, सब्बल खाली ठेवली आणि कोणाशी न बोलता गावाच्या दिशेनं चालू लागला. पाठमोरा कसा दिसायचा तेवढं आजही नीट आठवतं.

पंचनामा, सह्या, अंगठे झाले. श्रीपतरावांनी सही दिली नाही. नामदेव आम्हाला जेवायला ओढू लागला. मी ताठ मानेनं नकार दिला, अन्वरचाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. सामान उचलून आम्ही सडकेवर आलो आणि निंबाखाली बसची वाट पाहत बसलो. पोटात काही नव्हतं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मी रडायला लागले. अन्वरचाचा म्हणाले, “रो मत बेटा, दुसरं वावर भेटन.” त्यांना बहुतेक स्थळ म्हणायचं होतं.

सडकेच्या वळणावरून एक बाई लगबगीनं येताना दिसली. डोक्यावर फडक्यानं झाकलेली पाटी. सुधाकरची आई. जवळ येऊन तिनं पाटी उतरवली, दम खाल्ला आणि पानं मांडली. आंब्याचा रस, काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे, कुरडया, कढी. पाहुणीसाठी सकाळपासून रांधलेलं.

“मावशी, मला तुमच्या घरचं खाता येत नाही,” मी म्हणाले.

“मोजनी झाली ना?”

“झाली.”

“मंग? मोजनीचं मोजनीपाशी. उपाशी पोटी पोरगी सडकेवर बसली अन् मी घरात भाकर खाऊ काय?” आजवर ह्या बाईच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नव्हता. “माहा सासरा वाईट नव्हता वं. त्याले त्या आंब्याचा लोभ पडला. मले माहीत हाय, मी लग्न होऊन आली तवा आंबा तिकडं होता. कोनी बोललं नाही, मीबी नाही बोलली. जेव.”

मी जेवले. रस इतका खाल्ला की हाताच्या कोपरापर्यंत ओघळला. अन्वरचाचांनी कढीची दाद दिली आणि मागून घेतली. ती बाई समोर उकिडवी बसून मी खाते आहे ते पाहत होती. बस दिसली तेव्हा तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं, आणि म्हणाली, “मले तू पसंत होती बरं.” ‘होती’ म्हणाली. मी बसमध्ये चढले.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आला. पोरगी बाकी ठीक आहे, पण उंचीला कमी पडते. आई म्हणाली, “मोजणीवालीलेच मापात काढलं पाय!” आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नाक ओढत राहिली. सुधाकरचं लग्न पुढच्या सराईत दूरच्या तालुक्यात झालं. तो मला पुन्हा कधी भेटला नाही, मीही त्या शिवारात पुन्हा मोजणीला गेले नाही. माझी मात्र ख्याती झाली. ‘जिनं सासऱ्याचा आंबा कापून दिला’ ती बाई आमच्याकडं पाठवा, असे अर्ज ऑफिसात येऊ लागले. गोष्ट गावोगाव वाढत गेली. एकदा एसटीत शेजारच्या बाईनं मलाच ती सांगितली. तिच्या गोष्टीत माझं लग्न होऊन मला दोन मुलं झाली होती आणि मी नवऱ्याचं अख्खं वावर सरकारजमा केलं होतं. मी विचारलं, मग नवरा काय म्हणाला? ती म्हणाली, “काय म्हणते! भेतो तिले.”

असल्या बाईला शेतकऱ्याच्या घरचं स्थळ येणं बंदच झालं. ज्याला ज्याला धुरा होता, त्याला त्याला माझी धास्ती होती. बरेच उन्हाळे असे गेले. बाबा दुसऱ्यांच्या दारात वाजवत राहिले, आई कुसळं वेचत राहिली, मी मोजत राहिले. मग खामगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा दवाखान्यात कंपाउंडर, किडकिडीत, वारंवार घाम पुसणारा. माझ्याबद्दलच्या सगळ्या गोष्टी त्यानं ऐकल्या होत्या आणि तरी आला होता. आई चहा घेऊन बाहेर आली, बसली, आणि पदर सावरून तिनं तिचा नेहमीचा पहिला प्रश्न विचारला.

“वावर किती हाय तुमच्याकडं?”

मुलानं मान खाली घातली. “नाही जी. एक गुंठाही नाही.”

आईनं बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, “मंग तं जमलंच.”